बीएमपी-२ की एम-११३?

पावसाळ्यात आमच्या आष्टीकडच्या काळ्या रानात ट्रॅक्टर एकदा रुतला की बैल लावूनही निघत नाही. चाकाऐवजी पट्टा लागतो तो यासाठीच, वजन पसरतं. पट्ट्यावर चालणाऱ्या बीएमपी-२ आणि एम-११३ या दोन्ही लष्कराच्या चिलखती गाड्या सैनिक वाहतात, दोन्ही पाण्यात तरंगतात आणि पट्टे फिरवतच पुढं सरकतात. बाकी स्वभाव निराळा.

१९६० पासून सेवेत असलेली अमेरिकी एम-११३ म्हणजे ॲल्युमिनियमची पेटी. चालक आणि कमांडर सोडून ११ जण बसतात. मागचा अख्खा दरवाजा उतरणीसारखा खाली पडतो, माणसं धडाधड बाहेर. शस्त्र मात्र एकच, वरची १२.७ मिमी ब्राउनिंग मशीनगन. ती चालवणाऱ्याचं डोकं उघड्यावर!

बीएमपी-२ मुळात रशियन, आपल्याकडं ‘सरथ’ नावानं मेदकला बनते; नांदेडहून काही लांब नाही. हिच्या बुरुजावर ३० मिमी तोफ, ५०० गोळे, जोडीला ७.६२ची मशीनगन आणि रणगाड्यावर सोडायला कोंकुर्स क्षेपणास्त्र. तीन जण गाडी चालवणारे-लढणारे, वाहायला सैनिक फक्त सात. त्यातला एक चालकामागं, बाकी सहा मागं पाठीला पाठ लावून, गुडघे छातीशी. वजन चौदा टनांच्या आसपास.

सरथच्या मागच्या दोन दारांच्या पोकळीत डिझेल भरतात. हे मला कधीच पटलं नाही.

नुसती माणसं पोचवायची तर एम-११३ सोयीची. पोचल्यावर तिथंच लढायचं असेल तर मी डोळे झाकून सरथ घेईन, गुडघे दुखले तरी.