पुस्तकाशी इमान की पडद्याची सोय? मराठवाड्यातील कथेवर चित्रपट करू पाहणाऱ्यांसाठी एक तुलना

मराठवाड्यातील एखाद्या लेखकाच्या कथेवर किंवा कादंबरीवर चित्रपट करायचे ठरले की पटकथेचे पहिले पान लिहून होण्याआधीच गटात दोन तट पडतात. पुस्तकात जे आहे ते तसेच यावे, कारण वाचकांनी त्यावर जीव लावलेला असतो, असे एका तटाचे म्हणणे असते. दुसरा तट म्हणतो की वाचकाला पुस्तक वाचायला कोणी अडवलेले नाही, तेव्हा पडद्यावर जे शोभेल तेच घ्यावे. दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलले जाते, पण मुळाशी प्रामाणिक राहायचे म्हणजे घटनाक्रमाशी, सांगणाऱ्याच्या नजरेशी की शेवटाशी, हा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही. या तिन्ही गोष्टींना सारखी किंमत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. घटना बदलल्या तरी पुस्तक टिकते. नजर बदलली की ते दुसऱ्याच कोणाचे तरी होते. शेवट बदलायचा असेल, तर तो मूळ नजरेला धरूनच बदलावा लागतो.

मूळ कृती कथा आहे की कादंबरी, हे आधी पाहावे. कथा लहान असल्यामुळे तिच्यातले फारसे काही गाळावे लागत नाही, आणि म्हणून मुळाबरहुकूम जाण्याचा मार्ग तिथे सर्वांत सोपा वाटतो. भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा घ्या. भाव कोसळल्यावर बाप स्वतःच पिकवलेले टमाटे भर बाजारात पायांखाली तुडवतो, एवढा तिचा शेवट मराठवाड्यात शाळेत शिकलेल्या पुष्कळांना आजही आठवतो. हा प्रसंग पुस्तकाप्रमाणेच चित्रित करायचे ठरवले, तरी पहिल्याच दिवशी एक अडचण उभी राहते. कथेतल्या बाजारात हा प्रकार फक्त आसपासच्या माणसांनी पाहिला. आजच्या बाजारात तोच प्रसंग घडला तर पाच-दहा मोबाइल लगेच वर होतील आणि संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत गावोगाव फिरेल. बापाच्या संतापाला प्रेक्षक मिळाला की तो संताप नुसता संताप उरत नाही, त्याचे निषेधाचे प्रदर्शन होते. म्हणजे घटना अक्षरशः तीच ठेवूनही अर्थ पालटतो. हा अर्थ जपायचा असेल तर काळ जुनाच ठेवावा लागेल, आणि मग बाजारातले पाल, तागडी, नोटा, लोकांचे कपडे अशा सगळ्यावर खर्च आला. काळ आजचा घ्यायचा असेल, तर मोबाइल टाळण्याचा खोटेपणा न करता त्या मोबाइलांनाच गोष्टीत घ्यावे लागेल, आणि ते उघड उघड मुक्त रूपांतर होईल. थोड्या पैशांत लघुपट करणाऱ्याने हा निर्णय टमाट्यांची कॅरेट विकत घेण्याआधी घ्यावा, कारण तुडवलेले टमाटे दुसऱ्या टेकसाठी परत उभे करता येत नाहीत.

कादंबरीचा मामला वेगळा आहे. तीनशे पाने दोन तासांत बसत नाहीत, तेव्हा तिथे घटनाक्रमाशी इमान राखण्याचा आग्रह मुळातच टिकत नाही. जब्बार पटेल यांच्या ‘सिंहासन’ (१९७९) या चित्रपटामागे अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ अशा दोन कादंबऱ्या आहेत, आणि विजय तेंडुलकरांनी त्या दोन्ही एका पटकथेत ओवल्या. राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ (२००९) हाही राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या दोन कादंबऱ्यांवरून घडला. दोन पुस्तकांचे एक करताना कितीतरी पात्रे आणि प्रसंग गळणारच; पण ‘सिंहासन’मध्ये सत्तेचा खेळ आपण दिगू टिपणीस या पत्रकाराच्या डोळ्यांनी पाहतो आणि ती पाहण्याची जागा शेवटपर्यंत हलत नाही. सत्यजित राय यांनीही ‘पथेर पांचाली’त (१९५५) विभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या कादंबरीतला क्रम मोडला. कादंबरीत म्हातारी इंदिर ठाकरून लवकरच मरते, तर चित्रपटात ती बराच काळ राहते आणि तिचा मृत्यू मुलांसमोर येतो. असे असूनही हे रूपांतर मुळाला सोडून गेले अशी तक्रार सहसा ऐकू येत नाही, कारण गावाकडे पाहणारी लेखकाची नजर त्यात शाबूत आहे.

एकाच पुस्तकाची दोन रूपांतरे शेजारी ठेवून पाहायची असतील, तर ‘श्यामची आई’इतके चांगले उदाहरण मराठीत नाही. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेले हे पुस्तक बेचाळीस रात्रींत विभागलेले आहे आणि प्रत्येक रात्र बऱ्याच अंशी स्वतंत्र आहे. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये त्याचा चित्रपट केला. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. अत्र्यांचा सगळा भर माय-लेकरांवर आहे. सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये तेच पुस्तक कृष्णधवल चित्रीकरणात पुन्हा पडद्यावर आणताना लिहिणाऱ्या गुरुजींनाही गोष्टीत घेतले, म्हणजे आठवणारा माणूस आणि आठवण दोन्ही दाखवल्या. पुस्तकातही श्याम मोठेपणी मित्रांना सांगतो आहे, तेव्हा वरकरणी जास्त मोकळे वाटणारे दुसरे रूपांतर सांगण्याच्या रीतीच्या बाबतीत पुस्तकाच्या अधिक जवळ जाते. यातला कोणता चित्रपट अधिक आवडावा हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे, पण मुळाशी जवळीक कशी मोजायची हे मात्र या जोडीवरून नीट कळते.

मराठवाड्यातल्या पुस्तकांपुरता सर्वांत अवघड प्रश्न निवेदनाचा आहे. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ या कादंबरीत गावातल्या शिंप्याच्या घराची पडझड त्याच्या बायकोच्या तोंडून, इथल्या बोलीत सांगितली आहे. कॅमेरा मात्र स्वभावतः कोणाच्याच तोंडून बोलत नाही. तो शिंप्यालाही बाहेरून दाखवतो आणि त्याच्या बायकोलाही. मुळाबरहुकूम जायचे म्हणून तिचे निवेदन पार्श्वभूमीला घातले, तर दिसते आहे तेच पुन्हा ऐकू येण्याचा धोका आहे. ते काढून टाकले, तर गोष्ट नवऱ्याची होऊन बसते. माझ्या मते येथे निवेदन काढावे, पण ती जिथे हजर नाही असा एकही प्रसंग दाखवू नये. बाहेर काय घडले हे तिला जेवढे आणि जेव्हा कळते, तेवढेच आणि तेव्हाच प्रेक्षकालाही कळावे. शब्द सोडून नजर राखण्याचा हा मार्ग कष्टाचा आहे, कारण चौकातली भांडणे, दुकानातली बोलाचाली असे नटांना आवडणारे प्रसंग त्यात हातचे जातात.

बोलीबाबत मात्र मी अजिबात सवलत देणार नाही. मराठवाडी बोली म्हणजे हशा पिकवण्याची युक्ती, असा समज मालिका-चित्रपटांनी पुष्कळ पसरवला आहे. परभणीकडचे ‘करायलो’ आणि उदगीरकडचे ‘करलालो’ एकाच पात्राच्या तोंडी घातले, तर पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ते कळणार नाही, पण ज्यांच्यासाठी चित्रपट केला ते लोक पहिल्या दहा मिनिटांतच दूर जातील. याउलट मुळात नसलेली भरही कधी कधी मुळाला साजते. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरील ‘जैत रे जैत’ (१९७७) हा चित्रपट गाण्यांवर उभा आहे आणि ती गाणी अजिंठ्याच्या डोंगराजवळच्या पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांची आहेत. मराठवाड्याच्या कवीने कोकणातल्या ठाकरांसाठी लिहिलेले शब्द कोणालाही उपरे वाटले नाहीत, कारण रान आणि पाऊस त्यांच्या रोजच्या जगण्यातले होते.

शेवटाच्या बाबतीत दोन चित्रपटांची तुलना उपयोगी पडेल. ‘शतरंज के खिलाडी’ या प्रेमचंदांच्या कथेत दोघे खेळाडू शेवटी एकमेकांवर तलवार चालवून मरतात. राय यांनी १९७७ च्या चित्रपटात त्यांना जिवंत ठेवले आणि राज्य हातचे गेले असताना ते पुन्हा डाव मांडून बसतात, तोही इंग्रजी पद्धतीने, असे दाखवले. शेवट पूर्ण उलटा आहे, तरी प्रेमचंदांचा उपरोध त्यात कमी न होता आणखी बोचतो. ‘गाइड’चे (१९६५) तसे झाले नाही. आर. के. नारायण यांच्या कादंबरीत पावसासाठीच्या उपोषणाने खंगलेला नायक राजू डोंगरात पाऊस लागल्याचे बोलतो आणि कोसळतो. पाऊस खरोखर आला की नाही, हे लेखक सांगत नाही. चित्रपटात मात्र पाऊस कोसळतो आणि लोकांची श्रद्धा फळाला येते. गाणी आणि अभिनय यांच्या बळावर तो चित्रपट टिकला हे खरे, पण दुष्काळ पाहिलेल्या माणसाला तो शेवट फार स्वस्त वाटतो. १९७२ च्या आठवणी घरोघर निघतात आणि २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात ‘पलीकडे डोंगरात आभाळ भरलंय’ आणि ‘आपल्या शिवारात पडला’ यांतले अंतर लहान पोरालाही कळते. दुष्काळावरच्या कथेचा शेवट प्रेक्षक खूश व्हावेत म्हणून पावसाने करायचा असेल, तर त्यासाठी मूळ पुस्तक घेण्याची गरजच नाही. नवी गोष्ट लिहावी.

नारायण यांनी या रूपांतराविषयीची नाराजी पुढे लेख लिहून मांडली. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांनी आपल्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवरून निघालेल्या ‘समय की धारा’च्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार हक्क विकल्यानंतरही कृतीच्या विद्रूपीकरणाविरुद्ध लेखकाचा विशेष अधिकार उरतो, हे त्या खटल्यात १९८६ मध्ये स्पष्ट झाले. चित्रपटाच्या गरजेपुरते बदल होणारच, हेही न्यायालयाने मान्य केले. पैशाच्या हिशेबात कृतीवर अजून हक्क आहे की नाही, यानेही फरक पडतो. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी कृती सर्वांना खुली होते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचे लेखन २०११ पासून खुले आहे, पण बोराडे २०२५ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या पुस्तकासाठी वारसांकडेच जावे लागेल.

आपल्याकडे हे व्यवहार बहुधा चहावर आणि ‘सर, तुमचा आशीर्वाद असू द्या’ एवढ्यावर होतात, आणि मग चित्रपट तयार झाल्यावर बोलणे बंद होते. हक्कांचे हस्तांतरण लेखीच असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, आणि वेगळे ठरले नसेल तर वर्षभरात हक्क वापरला नाही तरी तो हातचा जातो. म्हणून मुक्त रूपांतर करणाऱ्याने मुदत जास्त मागावी, कारण त्याची पटकथा चार-पाच वेळा तरी पुन्हा लिहिली जाणार. आणि मार्ग कोणताही निवडला, तरी गोष्ट कोणाच्या नजरेने सांगणार आणि शेवट काय करणार, ही दोन पाने टंकलिखित करून करारासोबत जोडावीत आणि सह्या होण्याआधी लेखकाला किंवा त्याच्या घरच्यांना वाचून दाखवावीत.