माशेलकरांवरील भाड्याचा फलक-संच : मानसन्मान भरपूर, हळद थोडी

विज्ञान दिनासाठी आमच्या सांगलीतील शाळेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या कारकिर्दीवरील २४ फलकांचा संच तीन दिवसांकरिता भाड्याने मागवला होता. असा संच मागवू पाहणाऱ्या इतर शाळांसाठी हा अभिप्राय.

छपाई स्वच्छ असून अक्षर लांबूनही वाचता येते. स्टँड मात्र २२च निघाले आणि उरलेले दोन फलक बाकांना टेकवून उभे करावे लागले. अर्थात, फोन करताच भाड्यातून तेवढी रक्कम कमी करण्यात आली.

खरी तक्रार मजकुराविषयी आहे. १९४३ साली गोव्यातील माशेल येथे जन्म, लहानपणीच हरपलेले वडिलांचे छत्र, गिरगावातील शाळा, १९८९ पासून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद आणि १९९५ ते २००६ या काळात सीएसआयआरचे (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे) नेतृत्व, हा क्रम बिनचूक आहे. परंतु त्यापुढचे नऊ फलक पुरस्कार आणि मानद पदव्यांनी भरले असून हळदीच्या पेटंटला जेमतेम दोन ओळी आल्या आहेत.

ज्या गावात हळदीचे सौदे निघतात आणि हरिपूरच्या पेवांची (हळद साठवण्याच्या जमिनीखालच्या कोठारांची) आठवण अजून निघते, तेथे हे खटकणारच. जखमेवर हळद लावण्याच्या घरगुती उपायाला १९९५ साली अमेरिकेत पेटंट मिळाले, ते मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला. माशेलकरांच्या कारकिर्दीत सीएसआयआरने त्याला आव्हान दिले, संस्कृत, उर्दू, हिंदी अशा जुन्या लिखाणातील ३२ संदर्भ पुढे ठेवले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. पेटंटला नावीन्य लागते आणि जे आधीच लिहिलेले आहे त्यात नावीन्य कसले, हा युक्तिवाद सातवीच्या मुलालाही समजतो. फलकावर मात्र ‘ऐतिहासिक विजय’ एवढेच छापले आहे. अशी पेटंटे मुळातच दिली जाऊ नयेत म्हणून परदेशी परीक्षकांना चाळता येईल असा पारंपरिक ज्ञानाचा जो डिजिटल संग्रह पुढे उभा राहिला, त्याचा तर उल्लेखही नाही.

अखेर आमच्या विज्ञानशिक्षिकेने हा सारा मजकूर कार्डशीटवर लिहून त्या फलकाखाली लावला. मार्केट यार्डात अडतीचा व्यवसाय असलेले एक पालक तेथे बराच वेळ थांबले आणि म्हणाले, “म्हणजे मॅडम, आजीला माहीत होतं म्हणून नव्हे, कुणीतरी लिहून ठेवलं होतं म्हणून जिंकलो.”

ते कार्डशीट आम्ही संचासोबतच परत पाठवले आहे.