बुटीबोरीत फायर सेफ्टी ट्रेनिंग घेतलं, पैसे वसूल

आमच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या गोडाऊनसाठी नागपूरच्याच एका एजन्सीकडून ट्रेनिंग घेतलं, अन् खरं सांगतो, डोकं लावून बनवलंय. आधीच्यांनी नुसत्या स्लाइड्स वाचून दाखवल्या होत्या, अर्धी पब्लिक झोपून राहिली होती, सही घेतली की झालं. हे लोक आधी फ्लोअरवर फिरले, पोरांना विचारलं इथं काय काय पेटू शकते, मग ट्रेमध्ये खरी आग लावून प्रत्येकाच्या हातात आग विझवायचा सिलिंडर दिला, पिन ओढा, नोझल आगीच्या बुडाशी धरा, हँडल दाबा, डावी-उजवीकडे फिरवा, नाही जमलं तर परत करा. इलेक्ट्रिक पॅनलवर पाणी का नाही मारायचं, सीओटूच (कार्बन डायऑक्साइड गॅसवालाच सिलिंडर) का, हे आधी आम्हालाच विचारलं, उत्तर नंतर दिलं. उजळणी नसली की माणूस किती भराभर विसरतो हे एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच दाखवलंय, त्यामुळे काही दिवसांनी व्हॉट्सॲपवर प्रश्न येतात, कटकट वाटते पण बरोबर आहे. फक्त मे महिन्यात भर दुपारी मैदानात कोण उभं करते बे! हँडआउटही इंग्रजीतच दिलं, ते मराठी-हिंदीत पाहिजे होतं. रेट थोडा जास्तच. नाईट शिफ्टवाल्यांची बॅच यांच्याकडेच लावून राहिलो.