कॅमेऱ्याची गाडी: विकतची की घरी जोडलेली?

मोबाइलवर समोरचं दृश्य दिसतंय आणि त्याच मोबाइलवरून गाडी पळतेय, असं खेळणं मुलांसाठी घ्यायचं तर दोन पर्याय आहेत. एक डब्यातून काढून लगेच पळवायची तयार गाडी, दुसरी ईएसपी३२-कॅम बोर्ड (कॅमेरा आणि वाय-फाय असलेला छोटा संगणकी सर्किट बोर्ड) वापरून घरी जोडायची. घरची स्वस्त पडते खरी, पण एखादा बोर्ड जळाला की तो फरक बराचसा संपतो. म्हणून किमतीचा विचार नंतर करा.

तयार गाडीत आधी अ‍ॅप पाहावं. गाडी स्वतःचं वाय-फाय सोडते, फोन त्याला जोडायचा आणि कंपनीच्या अ‍ॅपमधून चालवायची. कंपनीने अ‍ॅप अद्ययावत ठेवणं सोडलं की नव्या फोनवर ते चालेलच असं नाही, आणि चांगल्या मोटरची गाडी फळीवर शोभेला जाते. ही भीती फक्त निनावी मालापुरती नाही. फ्रान्सच्या पॅरट कंपनीने २०१४ मध्ये जंपिंग सुमो काढली होती. दोन चाकांची, जवळपास ८० सेंटीमीटर उडी मारणारी, ६४० बाय ४८० पिक्सेलचं चित्र दाखवणारी ती गाडी एका चार्जमध्ये सुमारे वीस मिनिटं चालायची. कल्पना झकास होती. पण २०१९ मध्ये कंपनीने खेळण्यातल्या छोट्या ड्रोनचं कामच थांबवलं, आणि ही गाडी ती त्यातच धरायची.

घरच्या गाडीला अ‍ॅप लागतच नाही. बोर्ड स्वतःच एक वेब पान दाखवतो. फोन त्याच्या वाय-फायला जोडून ब्राउझरमध्ये पत्ता टाकला (बहुतेक वेळा १९२.१६८.४.१) की चित्र आणि बटणं समोर येतात. फोन कितीही बदला, ब्राउझर असतोच. माझा कल इकडे आहे तो याच कारणाने.

मात्र ही वाट सोपी नाही. नेहमीच्या ईएसपी३२-कॅम बोर्डवर यूएसबी नसते, त्यामुळे कोड चढवायला प्रोग्रामर नावाचं वेगळं छोटं उपकरण किंवा खाली बसवायचा, यूएसबी असलेला एमबी बोर्ड लागतो. तो बोर्डासोबतच घ्या. खरी डोकेदुखी विजेची. कॅमेरा, वाय-फाय आणि मोटर एकाच कमजोर बॅटरीवर टाकल्या तर गाडी सुटताना व्होल्टेज पडतं, बोर्ड रीसेट होतो आणि नवशिक्याला वाटतं की कोडच चुकला. बोर्डाला ५ व्होल्टचा स्थिर पुरवठा वेगळा द्यावा. मोटर चालवणारं सर्किट, म्हणजे एल२९८एन ड्रायव्हर, स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. चार पेन्सिल सेलवर पिवळ्या बीओ मोटर (अशा गाड्यांत वापरतात त्या स्वस्त प्लास्टिकच्या गिअरवाल्या मोटर) म्हणूनच रडतखडत चालतात, दोन १८६५० सेल (चार्ज होणारे लिथियम सेल) मालिकेत जोडले की बऱ्या पळतात. या लिथियम सेलचं चार्जिंग मात्र मोठ्यांच्या देखरेखीतच व्हावं.

चित्राबद्दल फार आशा धरू नका. या बोर्डावरचा ओव्ही२६४० कॅमेरा २ मेगापिक्सेलचा असला तरी सलग दृश्यासाठी ३२० बाय २४० वरच समाधान मानावं लागतं. मोठं चित्र मागितलं तर ते अडखळतं, आणि तोवर गाडी सोफ्याच्या पायाला धडकलेली असते. तयार गाड्यांचं चित्र साधारण बरं असतं, पण भिंती आड आल्या की दोन्हींची रडकथा सारखीच.

आणखी एक, दोन्हींना लागू: गाडीच्या वाय-फायला इंटरनेट नसल्याने फोन गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो. डेटा बंद करून पाहिल्याशिवाय गाडी परत करायला धावू नका. वाय-फायला पासवर्ड नसेल तर शेजारचाही तुमच्या घरातलं चित्र पाहू शकतो. घरच्या गाडीत पासवर्ड आपणच कोडमध्ये घालतो. तयार गाडीत तो बदलता येतो का, हे घेण्याआधी विचारा.

सात-आठ वर्षांच्या मुलाला तयारच घ्या, त्याला आज संध्याकाळी खेळायचं असतं. आठवी-नववीतल्या, पेचकस हातात धरणाऱ्या मुलीला किंवा मुलाला घेऊन सुटे भाग आणायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जा. तयार गाडी घेणार असाल तर पैसे देण्याआधी तिचं अ‍ॅप स्वतःच्या फोनवर उतरवून उघडून बघा, आणि ते शेवटचं कधी अद्ययावत झालं ती तारीखही वाचा.