शीट काढल्याचे पैसे दिले, शीट टाइलखालीच निघाली

आमचं किचन दहा बाय आठ. पुण्यातली जुनी सोसायटी, खाली मूळची पिवळसर मोझॅक फरशी आणि तिच्यावर बारा वर्षांपूर्वी चिकटवलेली हिरवी विनायल शीट. शीट कडेने सुटायला लागली, खाली पाणी मुरून वास येऊ लागला. एकदा सासूबाईंचा पाय त्या कडेत अडकला, तेव्हा मी सिरॅमिक टाइल बसवून घ्यायचं ठरवलं.

ठेकेदार ओळखीतून आला. "ताई, मोझॅक फोडायची गरज नाही, नुसता राडारोडा होईल. शीट काढतो, खालची फरशी टाचून घेतो आणि केमिकलवर टाइल बसवून देतो." टाचणं म्हणजे पकड यावी म्हणून फरशीला छिन्नीने खाचा पाडणं, आणि केमिकल म्हणजे टाइल चिकटवायची गोणीतली तयार पावडर. यात चूक काहीच नव्हतं. मोझॅक घट्ट असेल, कुठे पोकळ वाजत नसेल, तर तिच्यावर टाइल नीट बसते. म्हणूनच माझा विश्वास बसला. एस्टिमेटमध्ये शीट काढून फरशी टाचण्याचे ५,००० रुपये वेगळे होते, केमिकलच्या ५ गोण्या होत्या. निम्मे पैसे आधी दिले.

नेमकं त्याच आठवड्यात साताऱ्याला लग्न होतं. किल्ली त्याच्याकडे देऊन आम्ही तीन दिवस गेलो. दुसऱ्या दिवशी त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, टाचे मारलेली फरशी. मी "छान" म्हणून उत्तर दिलं. परत आलो तर किचन चकचकीत. उरलेले पैसे त्याच संध्याकाळी दिले.

दीड महिन्यात फ्रिजजवळची टाइल पायाखाली डुगडुगायला लागली. नंतर ओट्यासमोरच्या दोन. पळीच्या दांड्याने ठोकून पाहिलं तर निम्म्याहून जास्त टाइल पोकळ वाजत होत्या. फोन केला. "ताई, तुम्ही फ्रिज सरकवला असेल." त्यानंतर फोन उचलणंच बंद.

शेवटी दुसऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी सांध्यात पटाशी घातली आणि टाइल अख्खी उचलून हातात आली. मागे सिमेंटचे पाच गोळे, चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये. गोळ्यांची खालची बाजू काचेसारखी गुळगुळीत, आणि तिच्यावर बारीक विणीचा ठसा. तो ठसा आमच्या शीटचा होता. खाली हिरवी शीट जशीच्या तशी, कुकर टेकून पडलेल्या काळ्या डागासकट. तो डाग मी बारा वर्षं पुसत आले होते. मी तिथेच खाली बसले.

मिस्त्री म्हणाले, "ताई, प्लॅस्टिकवर सिमेंट धरणार कसं? शिवाय शीट दबते, टाइल दबत नाही. गोळ्यांच्या मध्ये पोकळी. वरून वजन आलं की हलणारच." केमिकल बहुधा वापरलंच नव्हतं. गोणीवरचा हिशेबही मी तेव्हा पाहिला नव्हता. तीन मिलिमीटरच्या थराला २० किलोची गोणी साधारण ५० चौरस फुटांना पुरते. ८० फुटांच्या किचनला दोन गोण्या, मला लावल्या पाच.

मग तो फोटो पुन्हा उघडला. त्यातली फरशी करड्या रंगाची होती. आमची पिवळसर. फोटो दुसऱ्याच कुणाच्या तरी घराचा होता.

म्हणून कळकळीने सांगते. शीट निघाली, फरशी टाचली, ती धुऊन तेलकटपणा गेला, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पहिली टाइल बसू देऊ नका. घरी नसाल तर काम थांबवा, नाहीतर व्हिडिओ कॉल करून तुमची खिडकी, तुमचा ओटा दिसेल असं दाखवायला लावा. केमिकलची गोणी तुमच्यासमोर फुटू द्या आणि ते दातेरी थापीने सगळीकडे पसरलं पाहिजे, गोळे नकोत. टाइलमध्ये दोन-तीन मिलिमीटरचा सांधा ठेवायला सांगा. आणि शेवटचा हप्ता प्रत्येक टाइल ठोकून बघितल्यावरच द्या. मी घाईने दिला, तिथेच त्याला धरायला माझ्या हातात काही उरलं नाही.

आता सगळं उकरून नव्याने काम चालू आहे. या वेळी शीट मीच बसून काढून घेतली. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. एस्टिमेट, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि तो फोटो जपून ठेवलाय. डागाचा तो शीटचा तुकडाही कापून घेतला आणि गोळे चिकटलेल्या एका टाइलबरोबर पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलाय.