गोड्या पाण्याचा डेमो आणि माझे 14,650 रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो. 500, मग 6,800, मग 4,500, मग 2,850. एकूण 14,650 रुपये. टँकमधले किडे मारायच्या औषधापायी चार वेळा दिले, चारही वेळा माझ्याच मोबाइलवरून, माझ्याच हातानं पिन टाकून. घेणारा माणूस स्वतःला पुण्याचा म्हणवतो, मराठी उत्तम बोलतो आणि मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या फिश टँकवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांमध्ये सगळ्यांना ‘दादा, दादा’ करत फिरतो. हे लिहिताना लाज वाटतेय. घरच्यांनाही पूर्ण आकडा मागच्या रविवारी सांगितला. पण कात्रजच्या एका ओळखीच्याकडे तो परवा तोच डेमो दाखवून आला असं कळलं, आणि मग गप्प बसवेना.

ज्यांच्याकडे रीफ, म्हणजे जिवंत कोरलची (पोवळ्यांची) टँक आहे त्यांना लाल फ्लॅटवर्म हा किडा काय प्रकार आहे ते सांगायला नको. नखाच्या कडेएवढा चपटा, गंजाच्या रंगाचा, शेपटीला खाच. सुरुवातीला काचेवर दहा-बारा दिसतात, आपण दुर्लक्ष करतो, आणि दोन महिन्यांत वाळू, दगड, कोरल सगळ्यावर गंज चढल्यासारखे पसरतात. त्यांच्या अंगातच शेवाळ असतं, त्यामुळे जिथे उजेड चांगला तिथेच ते ठाण मांडतात आणि खालच्या कोरलचा उजेड अडवतात. एकाचे दोन व्हायला त्यांना जोडीदारही लागत नाही. माझ्याकडे ते झोआ या मऊ कोरलच्या एका फ्रॅगवरून, म्हणजे तुकड्यावरून आले. डिप न करता, म्हणजे किडे मारणाऱ्या पाण्यात आधी बुडवून न काढता टाकला होता. ती चूक माझी, मान्य.

वारज्यात आमच्या हॉलमध्ये तीन फुटी टँक आहे, साधारण 200 लिटरची. सात वर्षं खाऱ्या पाण्याचं करतोय, त्यामुळे कुणी ‘नवशिके असेच फसतात’ म्हटलं तर मला ते लागू नाही. रोज रात्री जेवण झालं की बारीक नळीनं किडे ओढून काढत होतो, नळीच्या टोकाला जुना मोजा बांधून, म्हणजे किडे मोज्यात आणि पाणी परत टँकमध्ये. दीड महिना हे केलं. सकाळी पुन्हा तेवढेच. परदेशी औषध मागवायचं तर कुणाकडे स्टॉक नव्हता. अशा कंटाळलेल्या माणसाला ‘शंभर टक्के गॅरंटी, नाहीतर पैसे परत’ असा मेसेज आला तर तो उत्तर देणारच. मी दिलं.

रविवारी सकाळी तो घरी आला. टँक बघायचे 500 रुपये. माणूस माहितीचा होता, हे मला आजही म्हणावं लागतं. क्षारता विचारली, अल्कलिनिटी विचारली, माझ्या मँडरिन माशाचं कौतुक केलं. मग आईकडे एक वाटी मागितली. आईनं स्टीलची, आमटीची वाटी दिली. त्यानं ड्रॉपरनं काचेवरचे पंधरा-वीस किडे उचलून थोड्याशा पाण्यासकट वाटीत सोडले. बॅगेतून बिनलेबलची बाटली काढली. आत पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी. म्हणाला, “दादा, हे तयार सोल्युशन, बघा आता.” आणि वाटी जवळजवळ भरेपर्यंत ओतलं. मोबाइलवर वेळ लावला. किडे आधी आक्रसले, मग वाटीच्या तळापासून सुटले, कडा विरल्यासारख्या झाल्या, आणि पाच मिनिटांच्या आत वाटीत तांबूस गाळ उरला.

दीड महिना ज्यांनी मला रडवलं ते पाच मिनिटांत संपलेले पाहिले. डोकं तिथेच चालायचं बंद झालं.

आई मागे उभी होती. ती मूळची गुहागरची. ती म्हणाली, “अरे, नुसतं गोडं पाणी ओतलं असतं तरी मेले असते की. खाऱ्या पाण्यातला जीव तो, गोड्यात टिकतो होय?”

मी तिला म्हणालो, “आई, तू जरा आत जा.”

हे वाक्य मी रोज रात्री आठवतो. कारण आईला जे न शिकता माहीत होतं ते मला शिकून माहीत होतं. फ्लॅटवर्मसाठी कोरलला गोड्या पाण्याचा डिप आपण सगळेच देतो. मी स्वतः ग्रुपवर नव्या लोकांना तेच सांगत आलोय. अंगातल्या आणि बाहेरच्या क्षारांत इतका फरक पडला की पाणी आत घुसतं आणि असा नाजूक जीव फुटतो. त्या बाटलीत साधं पाणी होतं. आज मला त्यात तिळमात्र शंका नाही. पंधरा किड्यांसाठी वाटीभर औषध कोण ओततं? खरं औषध थेंबांनी मोजतात! तेव्हा हे डोक्यात आलं नाही असंही नाही. आलं, आणि मी ते बाजूला सारलं, कारण मला ते किडे मेलेले हवे होते.

औषधाच्या दोन बाटल्या, प्रत्येकी 3,400, म्हणजे 6,800. मंगळवारी त्याचा माणूस सोसायटीच्या गेटवर देऊन गेला. बाटली हलवली तर आतलं दुधासारखं पांढरं. ठेवून दिली तर तासाभरात तळाशी जाड थर. डेमोतलं स्वच्छ होतं, हे दुधाळ का, असं मी विचारलं. तो म्हणाला, ते पातळ केलेलं होतं, हे कॉन्सन्ट्रेट आहे. पातळ केलेलं दूध पारदर्शक होतं का? पण पटवून घेतलं. बाटलीवरचं लेबलही दुसऱ्या लेबलवर चिकटवलेलं होतं, एक कोपरा उचकटलेला, खाली हिरवट काहीतरी दिसत होतं. मी भोसरीला कारखान्यात स्टोअर सांभाळतो. लेबल, बॅच नंबर आणि तारीख बघितल्याशिवाय मी साधं ग्रीसचं डबडं आत घेत नाही. घरी मात्र तेच घेतलं, आणि त्याच दिवशी गोगलगायींचे 4,500 आगाऊही पाठवले.

गोगलगायींचं सांगतो. निळ्या पट्ट्यांची, काळी, मखमलीसारखी एक समुद्री गोगलगाय असते, केलिडोन्युरा व्हेरियन्स. ती खरंच फ्लॅटवर्म खाते, आणि दुसरं काही खात नाही. म्हणून किडे संपले की ती उपाशी मरते. नाजूक इतकी की पंपात सापडली तर संपली. म्हणजे ‘औषधानं नव्व्याण्णव टक्के जातील, उरलेले ही खाईल’ हे त्याचं बोलणं ऐकायला बरोबर होतं. या माणसाची खोटी वाक्यं खऱ्या माहितीत घोळवलेली असतात. गोगलगाय आगाऊ पैसे देऊन घेऊ नका. टँकमध्ये काचेवर चालताना बघा, मग पैसे.

बुधवारी रात्री दहाला त्यानं सांगितल्याप्रमाणे 40 मिली टाकलं. पाण्यातली घाण शोषणारा कार्बन काढून ठेवायचा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद, तीन दिवस पाणी बदलायचं नाही. औषध टाकताना कार्बन काढतात हे खरं आहे. पण किडे मेले की लगेच कार्बन परत लावायचा असतो आणि निम्मं पाणी बदलायचं असतं, कारण हे किडे मरताना अंगातलं विष पाण्यात सोडतात. जितके जास्त किडे एकदम मरतील तितकं जास्त विष. म्हणूनच आधी ओढून ओढून संख्या कमी करायची, म्हणूनच औषधाच्या आधी मिठाचं पाणी तयार हवं. हेही मी वाचलेलं होतं. त्याला विचारलं तर म्हणाला, आमच्या औषधात विष निष्क्रिय होतं.

पहाटे साडेचारला जाग आली. पाणी पांढुरकं झालेलं, दोन्ही क्लीनर श्रिंप (कोळंब्या) उलटे पडलेले, रॉयल ग्रामा मासा वेव्हमेकरला, म्हणजे लाटा करणाऱ्या पंपाला चिकटलेला. क्लाऊन माशांची जोडी वर येऊन तोंड उघडत होती. मँडरिन वाळूवर एका कुशीवर पडलेला, कल्ला इतक्या जोरात हलत होता की हॉलमधल्या दिव्यात वाळूचे कण उडताना दिसत होते. सहा वाजता तो हलायचा थांबला.

आणि वार गुरुवार. पाणी बंद! आरओ चालवायला नळाला थेंब नाही. घरात मिठाचं तयार पाणी वीस लिटर. बायकोनं खाली जाऊन पाण्याचे चार जार आणले, 80 लिटरला साधारण 2 किलो 800 ग्रॅम मीठ बादलीत ढवळलं, कार्बन जितका होता तितका सगळा लावला. त्या घाईत मी त्याला फोन केला. तो अतिशय शांत होता. ‘घाबरू नका दादा, संध्याकाळी मी स्वतः कार्बन आणि शंभर लिटर पाणी घेऊन येतो, पण तुमच्या गोगलगायी मुंबई विमानतळावर अडकल्यात, 2,850 क्लिअरन्स भरा, ते काम झालं की तिकडूनच सरळ तुमच्याकडे.’ पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी भरले. लोक विचारतात, मासे मरत असताना आणखी पैसे कसे दिलेस? अरे, मासे मरत होते म्हणूनच दिले! समोर क्लाऊन तडफडत होता आणि येतो म्हणणारा तो एकच माणूस होता.

संध्याकाळी फोन बंद. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवरचा त्याचा फोटो गायब. क्लाऊनमधली मोठी मादी गुरुवारी दुपारीच गेली. सहा वर्षं होती. नर वाचला, कोपऱ्यात असतो.

लेबल मी नंतर कोमट पाण्यात भिजवून काढलं. खाली गाय आणि शेळीचं चित्र. ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. लेव्हामिसोल आणि ऑक्सिक्लोझानाइड, गुरांना कृमींसाठी पाजायचं औषध, बाटली दोनशेच्या आत. लेव्हामिसोलनं फ्लॅटवर्म मरतात आणि ते पाण्यात पूर्ण विरघळतं. दुधाळ दिसत होतं ते ऑक्सिक्लोझानाइड, ते विरघळत नाही म्हणून तळाशी बसतं, आणि ते माशांना विषारी आहे. हे मी मंगळवारी त्या डॉक्टरांना विचारलं असतं तर एका फोनचं काम होतं.

आता तक्रारीचं. बँकेत फोन केला. चाळीस मिनिटं होल्डवर. मग उत्तर, ‘सर, पिन तुम्ही टाकलाय, व्यवहार अधिकृत आहे.’ मी कुठे म्हणालो पिन चोरला? सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला मी शनिवारी फोन केला, तोपर्यंत पैसे पुढे कुठल्या कुठे गेलेले. इथे उशीर माझा. तुम्ही पहिल्या तासात करा, लाज बाजूला ठेवून. मी दोन दिवस घालवले ते फक्त लाजेत.

मग चौकी. पहिल्या चौकीत सांगितलं, पैसे घरबसल्या गेलेत ना, मग सायबरवाल्यांकडे जा. तिथे सांगितलं, माणूस घरी आला होता ना, मग ही चौकीची केस. परत चौकीत गेलो तर ड्यूटी बदललेली. नव्या साहेबांना सगळं पहिल्यापासून. ते म्हणाले, त्याचा माणूस गेटवर आला ते गेट दुसऱ्या हद्दीत येतं. आमची सोसायटी एक, गेट दुसऱ्या हद्दीत! तिसऱ्या फेरीत एकजण म्हणाला, “मासेच ना? नवीन घ्या.” मी तिथे काहीच बोलू शकलो नाही. पार्किंगमध्ये गाडीवर दहा मिनिटं नुसता बसून राहिलो. माझी अर्ध्या दिवसाची रजा तीन वेळा गेली. शेवटी हा दिवाणी मामला आहे, ग्राहक आयोगात जा, असं सांगून अर्जावर शिक्का मारून पोच दिली. एफआयआर नाही.

तुमच्यावर वेळ आली तर एवढं लक्षात ठेवून जा. खोटं सांगून पैसे काढून घेणं हे भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, जुनं 420, आणि त्यातलं पोटकलम 4 दखलपात्र आहे. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे कुठल्याही ठाण्यात तक्रार घ्यावी लागते. मला हे चौथ्या फेरीनंतर एका वकील मित्रानं सांगितलं. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही हेही खरं, पण नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवू? ज्याचा पत्ता, बिल, पावती काही नाही त्याच्याकडून एक रुपयाचं घेऊ नका.

आणखी एक, जे कुणी उघड बोलत नाही. दुसऱ्या नंबरवरून त्याचा मला मेसेज आला, ‘तक्रार केलीस तर वनखात्याला सांगतो घरी कोरल आहे.’ रीफ बांधणारी सगळी कठीण पोवळी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, हे त्याला नीट माहीत आहे. पुण्यातले कितीतरी फसलेले लोक याच धमकीला घाबरून गप्प बसलेत, आणि त्यांच्याच गप्प बसण्यावर याचा धंदा चाललाय. माझ्याकडे झोआ, मशरूम आणि एक लेदर आहे, सगळी मऊ, कठीण पोवळं एकही नाही. चौकीतही मला घरी कोरल आहे का हाच प्रश्न विचारला गेला, तो मात्र पहिल्या दोन मिनिटांत.

अठराव्या दिवशी काचेवर पुन्हा सात किडे दिसले. मी पुन्हा नळी आणि मोजा घेतलाय. हळू का होईना, पण कोण मरतंय हे आपल्याला दिसतं.

वाटीतला डेमो, गायीच्या लेबलची दुधाळ बाटली, विमानतळाचे पैसे, यातलं काहीही ज्यांच्या बाबतीत घडलंय त्यांनी मला कळवा. कात्रजचा धरून आम्ही तिघं झालोय. पाच जण झालो की एकाच दिवशी, सगळ्या बाटल्या घेऊन, पुन्हा त्याच चौकीत जाणार आहोत.