कवळी धुताना: साबण-ब्रश की गोळी?

आईला नवी कवळी बसली तेव्हा पहिला आठवडा मऊ भात आणि दुधात कुस्करलेल्या भाकरीवर गेला. दोन्ही बाजूंनी सावकाश चावायची सवय हळूहळू लागली. खरा प्रश्न पडला तो स्वच्छतेचा.

मऊ ब्रश आणि हात धुण्याचा सौम्य साबण हा स्वस्त आणि माझ्या मते पहिला मान असलेला उपाय. हिरडीवर टेकणाऱ्या आतल्या बाजूला चिकट थर बसतो, तो घासल्याशिवाय निघतच नाही. टूथपेस्ट मात्र नको. तिने कवळीच्या ॲक्रिलिकवर, म्हणजे प्लास्टिकवर, बारीक चरे पडतात आणि त्यांत जंतू घर करतात. धुताना बेसिनमध्ये पाणी किंवा खाली टॉवेल असू द्या, हातातून निसटली तर तडा जातो.

पाण्यात विरघळणारी गोळी चहा-सुपारीचे डाग सैल करते, जंतूही कमी करते. ज्यांची बोटं आखडतात त्यांना तिचा मोठा आधार. पण ती ब्रशची जागा घेत नाही, आणि कवळी तोंडात घालण्याआधी खळखळून धुवायलाच हवी. गरम पाणी दोन्हीकडे वर्ज्य, कवळी वाकडी होते.

आई रोज ब्रश वापरते, गोळी अधूनमधून. रात्री कवळी साध्या पाण्याच्या वाटीत, हिरड्यांना विश्रांती.